नाव स्वीडनचे, सांगाडा डेट्रॉइटचा

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने, ज्याला सरकारदप्तरी आता राजीव गांधी सालै असे नाव आहे, दक्षिणेकडे निघाले म्हणजे शोलिंगनल्लूर आणि नावलूर मागे टाकल्यावर सिरुसेरी लागते. तामिळनाडू शासनाच्या 'सिपकॉट' या औद्योगिक महामंडळाने वसविलेली माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत ही या गावाची आजची ओळख. उरुग्वेचे वास्तुशिल्पी कार्लोस ऑट यांच्या कल्पनेतून उभे राहिलेले टाटा कन्सल्टन्सीचे विस्तीर्ण आवार याच वसाहतीत आहे, आणि पुण्या-नागपुराहून नोकरीनिमित्त येथे आलेली मराठी मुले-मुली दुपारच्या सुट्टीत सांबारभातावर तूप वाढून घेताना गावाकडच्या गोष्टी काढतात, त्याही येथेच. या वसाहतीतील इमारतींवर नामांकित कंपन्यांच्या पाट्या झळकतात. परंतु ज्या जमिनीवर त्या उभ्या आहेत ती जमीन महामंडळाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. पाटी एकाची आणि जमिनीची मूळ मालकी दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. पट्टा सुरळीत चालू आहे तोवर हा भेद कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही.

मोटारींच्या व्यवसायात गेल्या चार-पाच दशकांत याच स्वरूपाची व्यवस्था इतकी रूढ झाली आहे, की बॉनेटवर ज्याचे चिन्ह आहे त्यानेच गाडी घडविली असे आज कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. सिरुसेरीहून केळंबाक्कम-वंडलूर रस्त्याने पश्चिमेस गेल्यास ज्या टापूत आपण पोहोचतो, तेथे मरैमलै नगरला फोर्डचा कारखाना (येथील गाड्यांचे उत्पादन २०२२ साली थांबले), महिंद्रा वर्ल्ड सिटीत २००७ सालापासून चालू असलेला बीएमडब्ल्यूचा जुळणी-कारखाना आणि ओरगडमला २०१० साली उघडलेला रेनो व निस्सान यांचा तेव्हाचा सामाईक कारखाना, असा मोटारींचा मोठा बाजार मांडलेला आहे. या ओरगडमच्या कारखान्यातून २०१२ साली रेनोची डस्टर बाहेर पडली आणि पुढल्याच वर्षी निस्सानची टेरानो. शोरूममध्ये या दोन गाड्यांचे विक्रेते एकमेकांचे तोंड पाहत नसत. पण त्याच दोन गाड्या गॅरेजमधल्या रॅम्पवर शेजारी-शेजारी चढविल्या आणि मिस्त्रीने खालून बॅटरीचा झोत टाकला, म्हणजे तोच पत्रा, तोच लोअर आर्म, तेच शॉकअप, तीच सायलेन्सरची वळणे दिसत. वरच्या मजल्यावर फ्रेंच आणि जपानी असा भेद होता. तळमजल्यावर दोघेही रुमानियाच्या डाचिया कंपनीचे पाहुणे होते, कारण डस्टर मुळात तिकडची.

या तळमजल्यालाच मोटार-व्यवसायात प्लॅटफॉर्म म्हणतात. पूर्वीच्या काळी, जेव्हा गाडीची चॅसी ही लोखंडी शिडीसारखी स्वतंत्र वस्तू असे आणि तिच्यावर हवी ती बॉडी बांधून घेता येई, तेव्हा हा विषय सोपा होता. आपल्याकडचे ट्रक आजही त्याच रीतीने बांधले जातात. परंतु आधुनिक मोटारीत चॅसी आणि बॉडी एकजीव झाल्या असल्यामुळे प्लॅटफॉर्म ही बोट ठेवून दाखविता येईल अशी एकच एक वस्तू राहिलेली नाही. गाडीच्या तळाचा पत्रा, पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर, सस्पेन्शन जेथे जोडले जाते ते बिंदू, इंजिन ज्या चौकटीवर बसते ती चौकट, इंजिन आणि प्रवासी यांच्यामधील भिंत, आणि अलीकडच्या काळात विजेच्या तारांची व संगणकांची सर्व मांडणी, या साऱ्यांचा जो संच एकदा ठरतो आणि मग सहसा बदलता येत नाही, तो प्लॅटफॉर्म. त्याचा आराखडा काढणे, प्रत्येक पत्र्यासाठी डाय बनविणे, नमुन्याच्या गाड्या भिंतीवर आपटून अपघाताच्या चाचण्या घेणे यांत इतका पैसा आणि इतकी वर्षे जातात, की तो खर्च एकाच गाडीच्या माथी मारणे कोणालाही परवडत नाही. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो आपल्याच पाच-सहा गाड्यांवर वाटता येतो. वर्षाला लाख-सव्वालाख गाड्यांवर जिची धाव संपते, अशा लहान कंपनीपुढे मात्र दोनच वाटा उरतात: कोणाशी तरी भागी करावी, नाही तर कोणाच्या तरी पदरी जावे.

स्वीडनच्या साबने दोन्ही वाटा चोखाळल्या. त्यातली दुसरी वाट जेथे संपली, तेथे उभी असलेली 'नाइन-फोर-एक्स' ही गाडी आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. तिची एकूण निर्मितीच मुळी आठशेच्या आसपास झाली. तथापि नाव आणि सांगाडा यांची फारकत झाल्यावर काय घडते हे समजून घ्यावयाचे, तर तिच्याइतका बोलका दाखला मोटारींच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण आहे.

साब ही मुळात विमाने बनविणारी कंपनी. तिची स्थापना १९३७ साली ट्रोलहेटान या गावी झाली, आणि महायुद्ध संपून लढाऊ विमानांची मागणी ओसरणार असे दिसू लागल्यावर तिच्या काही मोजक्या अभियंत्यांनी मोटारीचा विचार आरंभिला. गुन्नार ल्युंगस्ट्रम हे त्यांचे प्रमुख, आणि सिक्स्टन सासोन या कलावंताने गाडीला रूप दिले. १९४७ साली जगापुढे आलेला तिचा पहिला नमुना बाजूने पाहिला तर विमानाच्या पंखाचा छेदच रस्त्यावर धावतो आहे असे वाटावे. १९४९च्या अखेरीस 'साब ९२' या नावाने तिचे रीतसर उत्पादन सुरू झाले, तेव्हा प्रारंभीच्या साऱ्या गाड्या एकाच, हिरव्या, रंगात मिळत. तेव्हापासून या कंपनीची ख्याती झाली ती थोड्या तऱ्हेवाईक, पण विचारपूर्वक केलेल्या मोटारींची. अपघातात गुडघ्याला इजा होऊ नये म्हणून गाडी सुरू करण्याची किल्ली स्टिअरिंगजवळ न ठेवता दोन आसनांच्या मधोमध, गिअरच्या दांड्यापाशी खाली नेण्याची कल्पना त्यांचीच. पुढे एक बटण असे निघाले, की रात्री ते दाबताच गतिदर्शक वगळून समोरच्या फलकावरील सारे दिवे मालवत, आणि चालकाचे लक्ष केवळ रस्त्यावर राही. वैमानिकांच्या संगतीत वाढलेल्या माणसांनाच असल्या गोष्टी सुचतात. प्राध्यापक, वास्तुविशारद, डॉक्टर अशा मंडळींत ही गाडी विशेष प्रिय झाली. दुर्दैवाने या मंडळींची संख्या कोणत्याही देशात फारशी मोठी नसते.

पहिली वाट भागीची. साबने इटलीच्या फियाट-समूहाबरोबर एका सामाईक प्लॅटफॉर्मची योजना आखली, आणि त्यातून १९८४ साली 'साब ९०००' निघाली. फियाट क्रोमा, लान्चिया थेमा आणि आल्फा १६४ या तिच्या बहिणी. चौघींचा तळ एक, पण प्रत्येकीच्या घरचे वळण निराळे. साबच्या अभियंत्यांनी तर अपघातात टिकाव धरावा म्हणून आपल्या गाडीचा पत्रा आपल्या हट्टाप्रमाणे जाड करून घेतला. हा सौदा बरोबरीच्या नात्याने झालेला होता, आणि म्हणून तो शोभला.

दुसरी वाट अमेरिकेकडे जाणारी होती. डेट्रॉइटच्या जनरल मोटर्सने १९८९च्या अखेरीस साबच्या मोटार-शाखेचा निम्मा हिस्सा घेण्याचा करार केला आणि २००० साली उरलेला निम्माही आपल्या पदरात पाडून घेतला. नव्या मालकाचा हिशेब सरळ होता: आपल्याकडे तयार सांगाडे पुष्कळ आहेत, यांच्याकडे नाव आहे; तेव्हा सांगाड्यावर नाव चढवावे आणि विकावे. त्याप्रमाणे प्रथम जपानच्या सुबारू इम्प्रेझावर साबचा मुखवटा चढला, आणि अमेरिकेतील चेष्टेखोर ग्राहकांनी तिचे 'साबारू' असे बारसे केले. मग शेवरोले ट्रेलब्लेझर या अस्सल अमेरिकी, शिडीच्या चॅसीवरील एसयूव्हीवर 'नाइन-सेव्हन-एक्स' उभी राहिली. ती ओहायो राज्यातील मोरेन येथे बनत असे. या दुसऱ्या गाडीतील एक तपशील मला मोठा करुण वाटतो. ट्रेलब्लेझरची किल्ली इतर चारचौघींप्रमाणे स्टिअरिंगजवळ होती; ती तेथून काढून, तारा वळवून, केवळ साबचा कुलाचार म्हणून दोन आसनांच्या मधोमध आणून बसविण्यात आली. गाडीत साबचे म्हणावे असे जे थोडेफार होते, त्यात ही किल्ली अग्रभागी होती.

नाइन-फोर-एक्स मात्र याहून पुष्कळच गंभीर वृत्तीने घडविलेली होती, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. २००८च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिची कल्पना मांडण्यात आली, आणि विक्रीस सिद्ध झालेले रूप २०१०च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला दाखविण्यात आले. जनरल मोटर्सच्या 'थीटा प्रीमियम' या प्लॅटफॉर्मवर ती बांधलेली होती. याच थीटा कुळातील साधी शाखा म्हणजे शेवरोले कॅप्टिव्हा, जी गुजरातेतील हालोलमार्गे २००८नंतर आपल्याही रस्त्यांवर पुष्कळ फिरली. प्रीमियम शाखेवर उभी होती ती कॅडिलॅक एसआरएक्स, आणि तिच्याच शेजारी, मेक्सिकोच्या कोवाविला प्रांतातील रामोस आरिस्पे येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात, त्याच ओळीत साबची ही गाडी जन्माला येई. दोघींच्या चाकांमधील अंतर सारखेच, २,८०७ मिलिमीटर. साधे इंजिन तीन लिटरचे आणि २६५ अश्वशक्तीचे. 'एअरो' या वरच्या प्रकारात २.८ लिटरचे टर्बो, ३०० अश्वशक्तीचे; दोहोंना सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स, आणि चारही चाकांना शक्ती वाटणारी स्वीडिश हाल्डेक्स यंत्रणा (साध्या प्रकारात ऐच्छिक). सस्पेन्शनचा ताठपणा, स्टिअरिंगची जाणीव आणि चालकाभोवती वळलेला समोरचा फलक ही साबची स्वतःची कामगिरी होती. अमेरिकेत तिची किंमत ३३ हजार डॉलरच्या घरात सुरू होई. एक पाय कॅडिलॅकच्या चपलेत आणि दुसरा ट्रोलहेटानच्या बर्फात, अशी तिची स्थिती असली, तरी गाडी म्हणून ती वाईट होती असे म्हणता येणार नाही.

अडचण गाडीत नव्हती, दस्तऐवजात होती. २००९च्या जूनमध्ये जनरल मोटर्सच न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज घेऊन उभी राहिली, आणि घरातील भांडीकुंडी विकावयास काढावी तशी तिने साब विकावयास काढली. कोनिगसेग या स्वीडिश कंपनीशी बोलणी झाली आणि फिसकटली; जुन्या काही गाड्यांचे आराखडे चीनच्या बीजिंग ऑटोमोटिव्हने विकत नेले; आणि अखेर २०१०च्या फेब्रुवारीत नेदरलंड्सच्या स्पायकर या चिमुकल्या कंपनीने, व्हिक्टर म्युलर या तिच्या साहसी प्रमुखाच्या नेतृत्वाखाली, साब आपल्या ताब्यात घेतली. रोख रक्कम ठरली ७ कोटी ४० लाख डॉलर, आणि त्याखेरीज ३२ कोटी ६० लाख डॉलरचे अग्रहक्काचे भाग जनरल मोटर्सने आपल्याकडे राखले. खरी मेख याच्याही पलीकडे होती. नव्या गाड्यांचे तंत्रज्ञान साबच्या मालकीचे झालेच नाही. ते वापरण्याचा केवळ परवाना मिळाला, आणि तोही मालकी पुन्हा बदलल्यास जनरल मोटर्सची संमती लागेल अशा बेताने. नाइन-फोर-एक्सच्या बाबतीत तर परवान्याचाही प्रश्न नव्हता. ती गाडी साब बनवीतच नव्हती. मेक्सिकोत जनरल मोटर्स बनवी आणि साब विकत घेई. ज्या गाडीवर कंपनीचे भवितव्य अवलंबून, ती गाडी प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात त्याच्या मर्जीने शिजत होती.

मग २०११ साल उजाडले. वसंत ऋतूत मेक्सिकोत नाइन-फोर-एक्सच्या उत्पादनास आरंभ झाला, आणि त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, सुट्या भागांच्या पुरवठादारांची बिले थकल्यामुळे ट्रोलहेटानची ओळ बंद पडली. मध्यंतरी थोडे दिवस ती चालली, आणि पुन्हा थांबली. म्युलर यांनी चीनमधील पांग दा आणि यंगमन या दोन कंपन्यांना भागीदार म्हणून आणण्याचा आटोकाट प्रयत्न केला. परंतु चीनमध्ये जनरल मोटर्सची स्वतःची भागीदारी शांघायच्या कंपनीशी होती. आपलेच सांगाडे दुसऱ्या चिनी प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू द्यावे, इतकी उदार ती होणार नव्हती. मालकी बदलली तर परवाने चालू राहणार नाहीत आणि नाइन-फोर-एक्सचा पुरवठाही बंद होईल, असे तिने स्वच्छ शब्दांत कळविले. १९ डिसेंबर २०११ रोजी व्हेनर्सबोर्गच्या न्यायालयात साबने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, आणि तीन हजारांहून अधिक माणसे ऐन नाताळाच्या तोंडावर बेकार झाली. म्युलर यांनी पुढे जनरल मोटर्सवर तीन अब्ज डॉलरचा दावा लावला. तो अमेरिकेच्या न्यायालयाने फेटाळला. करारनाम्यात जे लिहिले होते ते जनरल मोटर्सने केले, इतकेच त्याचे तात्पर्य. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल चुकीचा होता असे मलाही वाटत नाही.

रामोस आरिस्पेची ओळ मात्र थांबली नाही. तिच्यावर कॅडिलॅक एसआरएक्स २०१६पर्यंत बनत राहिली. ट्रोलहेटानचा कारखाना २०१२ साली नेव्हस नावाच्या कंपनीने घेतला, पण तिला नाइन-फोर-एक्सचे हक्क मिळाले नाहीत, आणि दोन वर्षांत साब हे नाव वापरण्याची मुभाही गेली. ते नाव विमाने बनविणाऱ्या मूळ कंपनीचे होते, आणि ते आजही तिच्याकडेच आहे.

आता याच काळातील एक प्रसंग आपल्या घरचा. ज्या २०११च्या वसंतात मेक्सिकोत साबची ही गाडी बनू लागली आणि स्वीडनमध्ये कारखाना थंडावला, त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात लँड रोव्हरच्या 'फ्रीलँडर २'ची जुळणी सुरू झाली. ही देखील युरोपीय नावाची, मध्यम आकाराची, प्रतिष्ठेची एसयूव्ही. आणि हिचाही सांगाडा एका अमेरिकी कंपनीच्या घरचा. लँड रोव्हर फोर्डच्या मालकीत असताना, व्होल्वो आणि फोर्डची युरोपीय शाखा यांनी मिळून जो प्लॅटफॉर्म सिद्ध केला, त्याच्यावर फोर्ड मॉन्डिओ, व्होल्वोच्या मोठ्या गाड्या आणि ही फ्रीलँडर अशा साऱ्या उभ्या होत्या. डिझेल इंजिनही फोर्ड व फ्रान्सच्या पेजो-सिट्रोएन यांच्या भागीतले. म्हणजे कुंडली जवळपास साबचीच.

परंतु जून २००८मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर यांचा ताबा घेताना जे २.३ अब्ज डॉलर मोजले, त्यात केवळ दोन नावे आणि काही कारखाने आले नाहीत. इंजिने, गिअरबॉक्स आणि पत्र्याचे भाग फोर्ड पुढील ठरावीक मुदतीपर्यंत पुरवीत राहील, आवश्यक तंत्रज्ञानाचे हक्क मिळतील, शिवाय कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीत फोर्ड सुमारे ६० कोटी डॉलरची भर घालील, अशी कलमे त्या सौद्यात होती. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी भारतीय कंपनीने इंग्रजांचा मानबिंदू जिंकल्याचे मोठमोठे मथळे दिले. मथळ्यांत पुरवठ्याच्या कलमांना जागा नसते, हे समजण्यासारखे आहे. पण कंपनी तरली ती त्या कलमांवर. खरेदीनंतर काही महिन्यांतच जगभर मंदी आली, २००८-०९ या वर्षी टाटा मोटर्सला एकत्रित हिशेबात सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा तोटा झाला, आणि शहाण्या माणसांनी रतन टाटांना वेड्यात काढले. तरी फोर्डची इंजिने येत राहिली, गाड्या बनत राहिल्या, आणि मिळालेल्या अवधीत लँड रोव्हरने आपले स्वतःचे इंजिन सिद्ध करून २०१४ साली वुल्व्हरहॅम्प्टनला त्याचा कारखाना उघडला. फोर्डच्या घरचा तो सांगाडाही त्यांनी टाकून दिला नाही. सुधारीत सुधारीत, नवी नावे देत, आपला करून घेतला. त्याच वंशातील 'डी-एट' या रचनेवरून पुढे टाटांनी आपली हॅरियर बेतली, जी २०१९च्या जानेवारीपासून बाजारात आली. पिंपरीत बनणाऱ्या गाडीची वंशावळ अशी मागे मागे नेली, तर ती लँड रोव्हरच्या वाड्यातून फोर्डच्या दारापर्यंत जाऊन पोहोचते.

अशा मिश्र कुळांची आपल्याकडे वाण नाही. पुण्याजवळच्या रांजणगावी २०१७पासून बनणारी जीप कंपास नावाने अमेरिकी, पण तिचा सांगाडा फियाटच्या घराण्यातला. चाकणला जुळणी झालेली मर्सिडीजची एम-क्लास आणि तिच्याच काळची अमेरिकी जीप ग्रँड चेरोकी यांचा आराखडा, जर्मन आणि अमेरिकी कंपन्यांचा संसार १९९८ ते २००७ एकत्र होता त्या दिवसांतला. घटस्फोट झाला, तरी अपत्ये दोन्ही घरी सुखाने वाढली, कारण वाटणीपत्र नीट झालेले होते. सामाईक सांगाडा म्हणजे ग्राहकाची फसवणूक, असे म्हणणाऱ्या मोटारप्रेमींशी म्हणूनच माझे पटत नाही. चांगल्या तळावर चांगली गाडी उभी राहिली तर तळ कोणी खणला याचे सुतक कशाला? मात्र पंचवीस-तीस लाख, क्वचित त्याहून अधिक रुपये मोजून एखाद्या युरोपीय नावाची गाडी घेणाऱ्या गृहस्थाने, शोरूममध्ये सनरूफ आणि मायलेज यांची चौकशी करून झाल्यावर, हिचा सांगाडा कोणाचा आणि त्या घराशी या घराचा करार किती वर्षांचा, हे विचारले तर त्यात गैर काही नाही. विक्रेत्याला उत्तर देता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

चेन्नईच्या टापूत असा एक करार अगदी अलीकडे झाला. ओरगडमच्या सामाईक कारखान्यातील आपला ५१ टक्के हिस्सा रेनोला देऊन टाकण्याचा निर्णय निस्सानने मार्च २०२५मध्ये जाहीर केला. त्याच घोषणेत असेही नमूद केलेले होते, की निस्सानच्या गाड्या पुढेही याच कारखान्यात बनत राहतील, आणि महिंद्रा वर्ल्ड सिटीत जेथे दोन्ही कंपन्यांचे आराखडे तयार होतात त्या तंत्रकेंद्रातील आपला ४९ टक्के हिस्सा मात्र निस्सान सोडणार नाही.